फुलाचं तोंड कुणीकडे

जूनच्या पहिल्या शनिवारी जबलपूरच्या सदर बाजारात जाऊन डाव्या हातावर फूल गोंदवून घेतलं. वय बेचाळीस, नोकरी बावीस वर्षं, खांद्यावर नायब सुभेदाराचा तारा. सोमवारी सकाळी पीटीला गेलो, तर हातावरची प्लास्टिकची पट्टी बघून हरियाणाचा एक हवालदार म्हणाला, "साब, इस उमर में?" मी म्हटलं, "इसी उमर में." त्याच्या स्वतःच्या हातावर बायकोचं नाव आहे. तेही लग्नाआधी गोंदलेलं, आणि सुदैवाने लग्न तिच्याशीच झालं. त्यामुळे त्याने फार ताणलं नाही.

पण हातावर कोणतं फूल काढायचं हे ठरवायला मला जवळजवळ दीड वर्ष लागलं. ती गोष्ट आज लिहितोय.

आधी फौजेतल्या गोंदणाचं सांगतो, कारण रजेवर गेलो की गावातली पोरं हेच विचारतात. भरतीचा नियम असा आहे: कायमचा टॅटू चालतो तो फक्त हाताच्या आतल्या बाजूला, कोपरापासून मनगटापर्यंत, किंवा पंजाच्या मागच्या बाजूला. आदिवासी जमातींतल्या मुलांना त्यांच्या रीतीरिवाजाप्रमाणे सूट आहे. बाकीच्यांच्या दंडावर, छातीवर, मानेवर काही असेल तर गाडी मेडिकलला अडकते. आमच्या पाटण तालुक्यात दर वर्षी एखादा तरी पोरगा असा भेटतो, ज्याने सोळाव्या वर्षी जत्रेत दंडावर वाघ काढून घेतलेला असतो आणि विसाव्या वर्षी सोळाशे मीटर झकास पळून झाल्यावर तो वाघ आडवा येतो. मग लेझर, मग पैसे, मग तिथल्या कातडीवर पांढुरका डाग. पोरांनो, वाघ काढायचाच असेल तर जागा बघून काढा.

हा नियम मी पहिल्यांदा नीट वाचला तेव्हा मला जरा गंमत वाटली होती. कोपर ते मनगट, आतली बाजू. आमच्याकडच्या जुन्या बायकांचं गोंदण नेमकं तिथंच असतं.

सिग्नल्समध्ये असल्यामुळे सगळ्या मुलखांतले लोक एका बराकीत. पोस्टिंगांमुळे सगळ्या मुलखांतलं गोंदणही बघायला मिळालं. नागालँडमध्ये मोन जिल्ह्यात होतो तेव्हा कोन्याक म्हातारे पाहिले. ज्यांनी तरुणपणी शत्रूचं मुंडकं आणलं, त्यांच्या चेहऱ्यावर गोंदण. ती प्रथा कधीच बंद झाली, आणि ते चेहरेही आता थोडेच उरलेत. असे एक आजोबा चुलीपाशी बसून कोरा चहा पीत होते. आमच्यातल्या एका जवानाने फोटो मागितला, त्यांनी काढू दिला. मग त्या जवानाच्या हातावरचा विंचू बघून त्यांनी दुभाष्याला काहीतरी विचारलं. दुभाष्या हसत म्हणाला, "पूछ रहे हैं, ये किस बात पर मिला?" पोराला उत्तर देता येईना. चंदीगडला सातशे रुपयांत मिळाला होता.

इथे जबलपूरहून मंडल्याकडे गेलं की आठवडी बाजारात बैगा बायका दिसतात. कपाळ, हात, पाय, पाठ, सगळीकडे रेघा. रामतिलाच्या तेलाची काजळी धरून ते गोंदतात. रामतिल म्हणजे आपले कारळे. आपण त्याची चटणी खातो, त्या अंगावर वागवतात.

आता आईचं सांगतो.

दोन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत आई गेली तेव्हा मी नुब्राच्या बाजूला होतो. फोन पहाटे आला. साहेबांनी तासाभरात रजा दिली, गाडी दिली, लेहपर्यंत पोचलोही. पण त्या दिवसांत झोजिला बंद असतो आणि चंदीगडचं विमान हवामानावर असतं. ट्रान्झिट कॅम्पमध्ये दोन दिवस आकाशाकडे बघत काढले. त्यात कुणाचा दोष नाही, ढगांवर कुणाची हुकमत चालते? जुन्या लोकांना माहीत आहे ते दोन दिवस कसे असतात. घरी पोचलो तेव्हा सावडणं होऊन गेलं होतं.

ताईने फोनमधला शेवटचा फोटो दाखवला. आई सवाष्ण गेली. हिरवं लुगडं, मळवट, गळ्यात झेंडूचा हार, आणि दोन्ही हातांत हिरवा चुडा भरलेला. इतका, की मनगटाच्या वरचं काही दिसत नव्हतं. मी फोटो बोटांनी मोठा करून करून बघत होतो. ताईला वाटलं मी रडतोय. मी खरं तर बांगड्यांच्या मधे मधे बघत होतो.

आईच्या डाव्या हातावर, मनगटाच्या दोन बोटं वर, गोंदलेलं एक फूल होतं. लहानपणी तिच्या मांडीवर पडून मी त्यावरून बोट फिरवत असे. ती म्हणायची, "बाकी समदं हितंच राहतं बाळा, बरूबर येतंय ते येवढंच." तुमच्याही आयांनी, आज्यांनी हे सांगितलं असेल.

तेराव्यानंतर मी घरातले सगळे फोटो काढून बसलो. माझ्या पासिंग आउटचा, ताईच्या लग्नाचा, नातवंडांच्या बारशांचा. आई सगळ्यांत आहे, पण प्रत्येक फोटोत पदराखाली हात, नाहीतर हातात कुणाचं तरी मूल, नाहीतर वाढताना पाठमोरी. तिच्या त्या हाताचा आमच्याकडे एकही फोटो नाही.

मग सगळ्यांना विचारलं. आप्पा एका शब्दात म्हणाले, "तुळस व्हती. वृंदावनासकट." ताई म्हणाली, "तुळस कुठली? चाफा होता, पाच पाकळ्यांचा." माझी बायको म्हणाली, "मधे फूल आणि भोवती ठिपके होते, मी तेल लावून द्यायचे तेव्हा मोजलेत." किती होते? ते तिला आठवेना. आणि मला? मला एक देठ आठवत होतं आणि तिच्या कातडीचा मऊपणा. मी रेडिओ सेटचं सर्किट अजून डोळे मिटून काढून देतो. ॲन्टेनाची मापं झोपेत विचारा. आणि जो हात वीस वर्षं रोज बघितला, त्यावरचं दीड इंचाचं फूल मला कागदावर काढता येईना. वहीची चार पानं फाडली.

जबलपूरला बदली झाल्यावर हे डोक्यात घेऊनच आलो. बोलता बोलता एकदा मेसमध्ये विषय निघाला आणि मग काय, ज्याला त्याला आपलं फूल पुढे करायचं होतं. उत्तराखंडचा हवालदार म्हणाला, "ब्रह्मकमल बनवा लो साब, केदारनाथ में चढ़ता है." मणिपूरच्या नाईकाने मोबाईलवर शिरुई लिली दाखवली. फिकट गुलाबी, खाली मान घातलेली, उखरूलजवळच्या शिरुईच्या डोंगरावर होणारी. फ्रँक किंग्डन-वॉर्ड नावाच्या इंग्रजाला ती १९४६ मध्ये तिथे सापडली आणि शास्त्रीय नाव देताना त्यात त्याच्या बायकोचं माहेरचं नाव घातलं गेलं, हेही त्यानेच सांगितलं. आसामच्या पोराने कोपौ फूल सांगितलं, बिहूला बायका केसांत माळतात ते. फुलं सगळी सुंदर. पण दुसऱ्याच्या डोंगरावरचं फूल आपल्या हातावर घेऊन मी काय सांगणार होतो? कोन्याक आजोबांनी विचारलं असतं तर?

एक फूल मात्र मला खरोखर मोहात पाडत होतं. कारवी. आमच्याकडच्या डोंगरात सात-आठ वर्षांनी एकदा फुलते, सगळा उतार जांभळा-निळा होतो आणि नंतर झाड वाळून जातं. आमच्या जुन्या घराच्या भिंती कारवीच्याच कुडाच्या होत्या, वरून शेणमातीचा गिलावा. माझ्या नोकरीत कारवी फुलली तेव्हा प्रत्येक वेळी मी दुसरीकडेच होतो. सदरमधल्या टॅटूवाल्याला फोटो दाखवला तर तो म्हणाला, "सर, ये तो बहुत बढ़िया आएगा, पूरे हाथ पे चढ़ा देंगे." त्याने कागदावर छान काढूनही दिलं. महिनाभर तो कागद माझ्या पाकिटात होता. रोज रात्री काढून बघायचो. चित्र चांगलं होतं, पण ते माझ्या रजांचं चित्र होतं, आईचं नव्हतं.

मे महिन्यात रजेवर गेलो तेव्हा मावशीकडे जायचं ठरवून गेलो. खरं तर हे आधीच सुचायला हवं होतं. आई आणि मावशी, दोघींचं गोंदण एकाच दिवशी झालेलं. कराड तालुक्यातल्या पालीच्या खंडोबाच्या जत्रेत, आजोबांनी दोघींना बैलगाडीतून नेलं होतं तेव्हा. आई तेव्हा बाराएक वर्षांची, मावशी दोन वर्षांनी लहान. आई नेहमी सांगायची, "म्या हूं का चूं केलं न्हाई. तुझी मावशी मातर निम्मी जत्रा गोळा हुईस्तवर बोंबलली."

मावशी ओट्यावर शेंगा निवडत बसली होती. मी पाया पडलो, पाणी प्यालो आणि म्हटलं, "मावशे, हात बघू."

"कशापायी? भविष्य सांगतूस व्हय?"

"गोंदण बघायचंय."

तिने हात पदराला पुसून पुढे केला. माझ्या छातीत धस्स झालं. होतं. हिरवट, पसरलेलं, कडा धूसर झालेल्या. पण खाली देठ, देठाला दोन्हीकडे पानांच्या दोन जोड्या आणि वर पाच पाकळ्यांचं फूल.

"आईचं असंच होतं?"

"असंच. एकाच बाईनं काढल्यालं." मग ती थांबली आणि हसायला लागली. दात नाहीत, हसली की डोळे मिटतात. "न्हाई रं, असंच न्हवतं. तिच्या फुलाला चार पाकळ्या."

"चार का?"

"चार झाल्या आन तिनं हात वडून घेतला. काय वरडली म्हनून सांगू! बाईनं पाचवीचा नुसता ठिपका द्यून ठिवला हुता, सुई टेकवायची म्हंजी टेकवू देईना. बा म्हनला ऱ्हाऊं दे आता, लगीन का ऱ्हातंय पाकळीवाचून."

"पण आई तर सांगायची तूच बोंबललीस म्हणून."

"सांगंल की. थोरली ना."

मी ओट्यावर बसून इतका हसलो, की आतून मावसभावाची बायको बघायला आली. दीड वर्षांत आईच्या आठवणीने मी पहिल्यांदा हसत होतो. साठ वर्षं त्या बाईने एक खोटं न चुकता सांभाळलं होतं, आणि पुरावा हातावर घेऊन सगळ्यांना जेवायला वाढत होती.

मी विचारलं, "हे फूल कसलं गं? चाफा का?"

"कसलं म्हंजी? फूल."

ठिपक्यांचं विचारलं. ते तिला आठवत नव्हतं. असतील, नसतील, आई सासरी गेल्यावर परत कुठे गोंदवून घेतलं असेल तर तिला काय माहीत. बायको अजूनही ठाम आहे की ठिपके होते. ते मी सोडून दिलं. मावशीच्या हातावर पातळ कागद ठेवून पेन्सिलीने आकार उतरवून घेतला. कातडी इतकी सैल, की कागदाखाली फूल सरकत होतं. दोनदा काढावं लागलं. निघताना तिने शेंगांची पिशवी दिली आणि विचारलं, "दुखंल का रं आता तसं?" मी म्हटलं, आता मशीन असतं. ती म्हणाली, "मग चार कशाला? पाच काढून घे की."

जबलपूरला परत आल्यावर आधी दोन कामं केली. सुभेदार मेजर साहेबांना विचारून घेतलं, विचारलेलं बरं असतं. ते म्हणाले, "बाहर नहीं दिखना चाहिए ऐसा कुछ तो नहीं है ना?" मी कागद दाखवला. त्यांनी चष्मा लावून बघितला आणि म्हणाले, "मेरी दादी के पास भी था." दुसरं काम म्हणजे रक्त देऊन टाकलं. टॅटू केल्यावर बारा महिने रक्त देता येत नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. मी वर्षातून दोनदा तरी देतो, तेव्हा खातं चुकतं करून मोकळा झालो.

टॅटूवाला पंचविशीतला पोरगा, हात स्वच्छ, सुई पाकिटातून माझ्यासमोर काढली. कागद बघून तो जरा हिरमुसला. कारवी त्याच्या मनात भरली होती. मग त्याने शंका काढायला सुरुवात केली, आणि त्या बरोबर होत्या, म्हणून इथे लिहितोय. पहिली, इतकं लहान नको. शाई कातडीखाली वर्षानुवर्षं पसरते, पाकळ्यांमधली फट कमी ठेवली तर वीस वर्षांत सगळं एकच डबकं होतं. मावशीच्या हातावर तेच झालं होतं. म्हणून दीडऐवजी अडीच इंच केलं. दुसरी, रंग. तो म्हणाला, पुराना लुक चाहिए तो ग्रीन डाल दूं? मी म्हटलं, काळाच घाल, हिरवा तो आपोआप होईल. तिसरी, "सर, एक पंखुड़ी छूट गई है." मी म्हटलं, "रहने दो." त्याने परत विचारलं. मी परत सांगितलं. ठिपका मात्र नीट द्यायला लावला.

चौथ्या शंकेवर आमची चांगलीच जुंपली. कागद हातावर चिकटवताना त्याने फूल कोपराकडे आणि देठ मनगटाकडे ठेवलं. मी म्हटलं, उलटं. तो म्हणाला, नाही सर, हेच सुलटं. हात खाली सोडून माणूस उभा राहिला की समोरच्याला फूल सरळ दिसलं पाहिजे, सगळीकडे असंच करतात. तुम्ही म्हणता तसं केलं तर लोकांना उलटं दिसेल. त्याचं बरोबर होतं. पण मावशीचं फूल मनगटाकडे तोंड करून होतं. हात पुढे धरला की तिला स्वतःला सरळ दिसेल असं. गोंदणारी बाई समोर बसून गोंदत असणार, म्हणजे तिला ते उलटं काढावं लागलं असेल, तरी तिने ते हातवालीकडे बघून काढलं होतं. मी मांडीवर पडायचो तेव्हा मलाही ते सरळच दिसायचं. मी म्हटलं, लोकांचं राहू दे. शेवटी त्याने खांदे उडवले आणि मशीन सुरू केलं.

चाळीस मिनिटं लागली. मनगटाजवळ दुखतं. ओरडलो नाही, पण पाचव्या ठिपक्याला हात थोडा आपोआप ओढला गेला हे खरं.

पुढचे तीन आठवडे ऊन टाळायचं, खाजवायचं नाही, पोहायचं नाही. रविवारी ग्वारीघाटावर पोरं नर्मदेत उतरली तेव्हा मी काठावर चपला सांभाळत बसलो.

आप्पांना सांगायचं धाडस पंधरा दिवस झालं नाही. त्यांना असल्या गोष्टींचा राग. शेवटी ताई घरी गेली होती तेव्हा तिच्या फोनवर व्हिडिओ कॉल लावला. खपली गेली होती, रेघा स्वच्छ दिसत होत्या. मी बाही वर करून हात कॅमेऱ्यासमोर धरला. ताई लगेच म्हणाली, "बघा, चाफा! मी म्हटलं नव्हतं?" मग तिने पाकळ्या मोजल्या आणि गप्प झाली.

आप्पांनी फोन हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. मग नाराजीने म्हणाले, "तुळस न्हाई ही."

"मावशीच्या हातावरनं उतरवलंय आप्पा."

"आसंल. पर हिच्या हातावर तुळस व्हती. रोज बघितलीय म्या." थोडा वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हात फिरीव."

"कसा?"

"तुझ्याकडनं न्हवं. माझ्याकडनं. ती ताट पुढं करायची तसा धर."

मी हात लांब केला, तळवा वर, ताट धरल्यासारखा. मनगट त्यांच्याकडे, कोपर माझ्याकडे. आप्पांच्या बाजूने आता फूल खाली आलं होतं, चार पाकळ्या पसरून बसलेलं, आणि त्यातून देठ वर चढलेलं, दोन्हीकडे पानांच्या जोड्या.

"हां," आप्पा म्हणाले. "ही बघ. वृंदावनासकट."

त्यांनी बराच वेळ फोन तसाच धरून ठेवला. माझा हात भरून आला, पण मी खाली घेतला नाही. मग त्यांनी विचारलं, "जेवलास का?"